घरात ग्रो लाईट लावताय? या चुका टाळा, विशेषतः सोलापुरात

मागच्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मिरची-वांग्याची रोपं घरातच करायची ठरवली, मृग लागला की गच्चीवर लावायला तयार पाहिजेत म्हणून, आणि ऑनलाईन एक एलईडी ग्रो लाईट, म्हणजे घरात झाडं वाढवायचा दिवा, मागवला. खोक्यावर मोठ्या अक्षरात १००० वॉट. दहा-बारा दिवसांत रोपं दोऱ्यासारखी बारीक आणि वीतभर उंच झाली. सासूबाई सकाळी खोलीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, ही सगळी आडवी पडलीत की! पाणी घातलं नाहीस का?" पाणी भरपूर होतं, कमी पडत होता उजेड.

नंतर प्लगला लावायचं वीज मोजायचं मीटर आणून बघितलं तर लाईट ९२ वॉट खात होता. खोक्यावरचे १००० म्हणजे "इतक्या वॉटच्या जुन्या दिव्याएवढा" असा दावा असतो, त्याला काही धरबंध नाही. म्हणून विकत घेताना प्रत्यक्ष किती वॉट ओढतो ते विचारा आणि वॉटमागे झाडाच्या कामाचा उजेड किती निघतो ते बघा. मायक्रोमोल पर ज्यूल म्हणून आकडा देतात, चांगल्या लाईटचा अडीचच्या आसपास किंवा वर असतो. हा आकडा दुकानदार सांगूच शकत नसेल तर तो लाईट सोडून द्या.

दुसरी चूक मला जास्त महत्त्वाची वाटते. नेटवर ग्रो लाईटबद्दल जे काही सापडतं त्यातलं बरंचसं परदेशात गांजा घरात वाढवणाऱ्यांनी लिहिलंय, तिकडे काही ठिकाणी ते कायदेशीर आहे. आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली परवान्याशिवाय त्याची लागवड हा गुन्हा आहे, त्यामुळे तो विषय आपला नाहीच, पण त्यांचे आकडे मात्र आपण डोळे झाकून उचलतो. ८०० ते १००० पीपीएफडी, रोज १८ तास लाईट, असं वाचलं आणि लावलं कोथिंबिरीला! पीपीएफडी म्हणजे एका चौरस मीटरवर सेकंदाला झाडाच्या उपयोगाचा किती उजेड पडतो ते माप. आपल्या रोपांना १०० ते २५० पुरतो, मेथी आणि मायक्रोग्रीन्सना, म्हणजे कोवळी असतानाच कापून खायच्या रोपांना, १०० ते २०० मध्ये भागतं. आणि कोथिंबीर, पालक यांना दिवस लांबला की वाटतं आता फुलायची वेळ आली, १८ तास लाईट दिला तर पानं राहिली बाजूला, तुरे येतात. १२ तास बास झाले.

मापायला महागडं मीटर लागत नाही. मोबाईलमध्ये लक्सचं, म्हणजे उजेड मोजायचं, ॲप टाका, फोन पानांच्या उंचीवर आडवा धरा, जो आकडा येईल त्याला ७० ने भागा. १४,००० लक्स म्हणजे साधारण २०० पीपीएफडी. हे गणित फक्त पांढऱ्या एलईडीला चालतं, गुलाबी-जांभळ्याला नाही. तसाही तो गुलाबी लाईट घेऊच नका, त्या उजेडात पान पिवळं पडलंय का, खाली मावा कीड बसलीय का काही म्हणजे काही दिसत नाही. नुसती मेथी आणि मायक्रोग्रीन्सच करायची असतील तर ग्रो लाईट लिहिलेलं काही आणायची गरजच नाही, इलेक्ट्रिकच्या दुकानातल्या २० वॉटच्या दोन पांढऱ्या एलईडी पट्ट्या रॅकच्या कप्प्याला पानांपासून सहा-आठ इंचावर बांधा, काम होतं.

आता उन्हाळा. एलईडी गरम होत नाही असं सगळे सांगतात, ते अर्धंच खरं आहे. १०० वॉट खोलीत गेले म्हणजे शेवटी १०० वॉटची उष्णता खोलीतच राहते, मग ती दिव्यातून येवो नाहीतर पानावर पडलेल्या उजेडातून. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला टेकतो, त्यात पश्चिमेची खोली, वर स्लॅब तापलेला, आणि दुपारी लाईट चालू! लाईट संध्याकाळी सातला लावा, सकाळी सातला बंद करा, झाडाला घड्याळ कळत नाही, उजेड-अंधार कळतो. एक छोटा पंखा चालू ठेवा. आणि ड्रायव्हर, म्हणजे लाईटचा तो धातूचा डबा, वेगळा निघत असेल तर बाहेरच्या बाजूला टांगा, गरमीत आधी तोच जातो.

बिलाचाही हिशोब आधीच करा. १०० वॉट रोज १२ तास म्हणजे महिन्याला ३६ युनिट, आणि तुमचं घर १०० युनिटच्या काठावर असेल तर पुढच्या स्लॅबचा दर लागतो.

लाईट आपोआप चालू-बंद करायला लावलेल्या टायमरने मला एकदा चांगलंच फसवलं. चक्रीचा साधा टायमर होता, वळवाच्या पावसात लाईट तीन तास गेली, तेवढा वेळ टायमरही थांबला आणि तिथून पुढे तीन तास मागेच चालत राहिला. मला चार दिवसांनी कळलं, दहा वाजेपर्यंत ग्रो लाईट पेटलेला! बॅटरी असलेला डिजिटल टायमर घ्या, नाहीतर लाईट जाऊन आली की टायमर बघायची सवय लावा.

रोप बिघडलं की सगळा दोष लाईटवर टाकू नका. लाईटजवळची वरची पानं पांढुरकी पडली, खालची हिरवीच, तर लाईट फार जवळ आहे, वर घ्या. खालची जुनी पानं आधी पिवळी होत असतील तर खत कमी पडतंय. देठ मातीपाशी काळा, बारीक होऊन रोप कोलमडलं तर तो मर रोग आहे, कारण जास्त पाणी आणि कोंदट हवा. आणि पानांची टोकं करपली तर पाणी कुठलं घालताय ते आठवा. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून आपण सर्रास बोअरचं वापरतो, त्यातल्या क्षारांनी टोकं जळतात. मी पंधरा दिवस लाईट वर-खाली करत बसले होते, शेवटी पिण्याचं पाणी घातल्यावर नवीन पानं स्वच्छ आली.

रोपं बाहेर काढताना मात्र घाई नको. घरात २०० पीपीएफडीत वाढलेलं पान आणि गच्चीवरचं भर दुपारचं २००० चं ऊन! पहिल्या दिवशी सकाळचा एक तास, मग दोन, बाकी वेळ हिरव्या नेटखाली, असे सात-आठ दिवस काढा आणि मगच कुंडीत लावा.