घराखालच्या नव्या दुकानात स्वस्तातलं नासी लमाक: पहिल्यांदा जाताय तर एवढं बघून घ्या

क्वालालंपूर किंवा पेटालिंग जयाच्या कुठल्याही तामानमध्ये, म्हणजे वसाहतीत, राहत असाल तर माहितीच असेल, खालच्या शॉपलॉटमध्ये अधूनमधून एखादं नवीन खायचं दुकान उघडतंच, बाहेर 'किनी दिबुका' म्हणजे 'आता सुरू' असा बॅनर, चार टेबलं, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, काचेच्या कपाटात तळलेल्या चिकनचा डोंगर. आपली मंडळी लांबून बघतात आणि निमूट डोसा खायला जातात. मीही पहिलं दीड वर्ष तेच केलं, कारण काय मागायचं तेच कळायचं नाही आणि मागे लाइन लागलेली असली की अजूनच गडबडायला व्हायचं.

तर पहिली गोष्ट, पहिल्या खेपेला चिकन मागूच नका. 'नासी लमाक बियासा' मागा. बियासा म्हणजे साधं. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, सांबल (मिरचीची परतलेली चटणी), तळलेले इकान बिलिस (आपल्या सुक्या मांदेलीसारखे, पण अगदी बारके), शेंगदाणे, काकडीचे दोन-तीन काप आणि अंडं, बास. साध्या दुकानात हे ३ ते ५ रिंगिटमध्ये होतं. चिकन काय, गरम तेलातून काढलेलं कुठलंही चिकन बरंच लागतं, त्यावरून दुकान कसंय ते कळत नाही. ते कळतं भातावरून आणि सांबलवरून, आणि त्या दोन गोष्टी नवीन दुकानाला पहिल्या महिन्यात जमल्या नसतील तर पुढे जमतीलच याचा काही भरवसा नाही, असं माझं मत झालंय.

काउंटरवर बोलायला फार काही लागत नाही. बाई असेल तर 'काक' म्हणा, आपल्या ताईसारखं, वयस्कर असेल तर 'माकचिक', पुरुष असेल तर 'बांग'. 'काक, नासी लमाक बियासा सातू, तेलुर माता, माकान सिनी.' सातू म्हणजे एक, माकान सिनी म्हणजे इथेच खाणार, पार्सल हवं असेल तर 'बुंकुस'. तेलुर माता म्हणजे हाफ फ्राय, शब्दशः डोळ्याचं अंडं, आणि एकदा ते पिवळं बुबुळ बघितलं की शब्द विसरत नाही. उकडलेलं हवं तर 'तेलुर रबुस'. आणि हो, 'लमाक'मधला शेवटचा क जवळजवळ गिळायचा असतो, आपण ठासून क म्हणतो तेव्हा त्यांना कळतं पण हसतात.

आता भात. झाकण उघडल्यावर वास यायला हवा, नारळाचा आणि त्याच्या मागून पांदानच्या पानाचा. पांदान म्हणजे केवड्याच्याच कुळातलं पान, गाठ मारून भातात टाकतात, आणि वास बराचसा बासमतीसारखा येतो, कारण दोन्हीतला सुगंधी घटक एकच आहे. दाणा सुटा पाहिजे, पण कोरडा नको. बोटांना हलका तुपकटपणा लागला पाहिजे, लमाक या शब्दाचा अर्थच मुळी स्निग्ध. ताटात खाली तेलाचं तळं दिसलं किंवा भाताचा गोळा झाला तर समजा गडबड आहे. नुसता पांढरा भात देऊन वर सांबल ओतणारेही आहेत, पहिला घास सांबल न लावता खाल्लात की ते लगेच पकडले जातात.

सांबल ही खरी परीक्षा. वाटलेल्या सुक्या मिरच्या, कांदा, चिंच, साखर किंवा गूळ आणि बलाचान, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी. हे सगळं मंद आचेवर परतत बसायचं असतं तेल सुटेपर्यंत, आणि गंमत म्हणजे मलायमध्येही त्याला जवळपास तसंच म्हणतात, 'पचाह मिन्याक', तेल फुटणं. आपल्या आईने मटणाच्या वाटणाला जे सांगितलं असेल तेच. घाई केलेली असेल तर मिरचीचा कच्चा वास नाकात चढतो, रंग भडक लाल राहतो, आणि खाल्ल्यावर घशाशी जळजळतं. नीट झालेलं सांबल काळपट लाल दिसतं, कडेला तेल असतं, जिभेला आधी गोड लागतं आणि तिखट मागून येतं. पहिल्यांदा त्या गोडाने माझं तोंड वाकडं झालेलं, कोल्हापूरकडच्या लोकांचं तर होणारच, पण चौथ्या-पाचव्या घासाला नारळाच्या भाताबरोबर ते का हवं ते कळतं. ताटात सगळं वरणभातासारखं कालवू नका मात्र. थोडा भात, टोकाला सांबल, दोन बिलिस, एक-दोन शेंगदाणे, मध्येच काकडी, असं खा. बिलिस आणि शेंगदाणे कुरकुरीत असले पाहिजेत, मऊ पडलेले असतील तर आदल्या दिवशीचे. हाताने खाल्लं तरी कुणी बघत नाही, सिंक कोपऱ्यात असतंच, फक्त उजवा हात.

साधं जमलंय असं वाटलं तर दुसऱ्या खेपेला वरची आयटम घ्या. 'आयाम गोरेंग बरम्पाह' म्हणजे मसाला लावून तळलेलं चिकन, वरचा कुरकुरीत मसाल्याचा चुरा जास्त मागून घ्या, बऱ्याचदा फुकट देतात. त्याच्यासकट साधारण ८ ते १२ रिंगिट. इथे मी एकदा चांगलीच फसलेय. एका नव्या दुकानात स्वतः वाढून घ्यायची पद्धत होती, किंमत कुठेच लिहिलेली नाही, मी आपली चिकन, सांबल सोतोंग म्हणजे माकूळ आणि वर दोन कोळंब्या असं घेत गेले, गल्ल्यावरच्या मुलाने ताटाकडे एक नजर टाकली आणि २३ रिंगिट म्हणाला, तेही स्वस्त नासी लमाकच्या नावाखाली. तेव्हापासून माकूळ-कोळंबीला हात लावायच्या आधी 'बरापा?' विचारते, म्हणजे किती.

खाण्याचं पथ्य असणाऱ्यांनी नीट लक्ष द्या. 'पारु' लिहिलेलं असतं ते गायीबैलाचं फुप्फुस, आणि 'रंदांग दागिंग' म्हणजे बीफच, चिकनचं हवं तर 'रंदांग आयाम' म्हणायचं. शाकाहारी असाल तर नुसतं 'बिलिस नको' म्हणून भागत नाही, सांबलमध्येच बलाचान असतं. त्यासाठी चिनी शाकाहारी दुकानं बघा, तिथे नासी लमाक मिळतं, बहुतेक ठिकाणी कांदा-लसूणही नसतो.

वेळ म्हणाल तर सकाळी, सात ते नऊ. इथे हा नाश्ताच आहे, रात्रीही मिळतं पण भात ताजा सकाळी. मलाय लोकांचं दुकान असेल तर शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी बंद असू शकतं आणि रमजानमध्ये दिवसा तर बहुतेक बंदच, उगाच हेलपाटा नको. दारात स्थानिक कौन्सिलचं अ, ब, क असं स्वच्छतेचं ग्रेड लावलेलं असतं, अगदी नवीन दुकानात ते अजून लागलेलं नसेलही, मग मी भांडी धुण्याच्या जागेकडे एक चक्कर टाकते. बरोबर चहा घेणार असाल तर 'तेह तारेक कुरांग मानिस' म्हणा, कमी गोड, नाहीतर कंडेन्स्ड मिल्कने दात शिवशिवतात. पैसे कॅश किंवा क्यूआर, टिप कुणी देत नाही.

बुंकुस घेतलंत तर केळीच्या पानावर भात आणि बाहेरून ब्राऊन पेपर अशी त्रिकोणी पुडी मिळते, पानाचा वास भाताला लागतो त्यामुळे मला तर ताटापेक्षा ती जास्त आवडते. फक्त ती ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये दुपारपर्यंत विसरू नका, नारळाचं दूध आणि इथला उकाडा. मी एकदा घरी फोनवर 'नासी खाल्लं' म्हटलं तर आई म्हणाली, अगं नासलेलं कशाला खातेस. नासी म्हणजे मलायमध्ये भात, हे तिला समजावेपर्यंत माझा चहा थंड झाला. दोन तासांत खाणार असाल तरच पार्सल घ्या, आणि सांबल वेगळं बांधून मागा, 'सांबल आसिंग', म्हणजे भात ओला होत नाही.