गोल्फ कोर्स अंगावर येत असेल तर आधी टी बदला
धुळ्याहून पहाटे गाडी काढायची, दीडशेएक किलोमीटरवर नाशिकला गोल्फ खेळायचं आणि कापसाच्या वावरात हरवल्यासारखे चेंडू शोधत बसायचं, हे मी वर्षभर केलं. दोष कोर्सचा नव्हता, मागच्या टीवरून (टी म्हणजे पहिला फटका मारायची जागा; जितकी मागची, तितका कोर्स लांब) खेळायची हौस नडत होती.

साधा हिशोब आहे. पाच नंबर आयर्नने (मधल्या पल्ल्याच्या काठीने) चेंडू जितके यार्ड जातो, त्याला ३६ ने गुणा. १४० जात असेल तर जिथून पूर्ण कोर्स साधारण ५,०४० यार्डांचा होतो, ती टी तुमची. (सरासरी दहा फटक्यांची घ्या, चुकून बसलेल्या एकाची नव्हे!)

उजव्या हाताने खेळता, चेंडू उजवीकडेच वळतो आणि हद्दीचे पांढरे खुंटही तिकडेच? मग टी-बॉक्सच्या उजव्या कडेला टी (चेंडू ठेवायची खुंटी) रोवून डावीकडे नेम धरा. ड्रायव्हर, म्हणजे सर्वात लांब पल्ल्याची काठी, बॅगेतच राहू द्या.