घरच्या सुतारकामासाठी माइटर सॉ कोणती घ्यायची आन कशी चालवायची

तान्हा पोळा, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांचा पोळा, आठ दिवसांवर आला की आमच्या गल्लीत दरवर्षी तीच धावपळ, पोराच्या लाकडी बैलाचं चाक निघालं, खालचा पाट उकलला, त्याला चारी बाजूनं पट्टी मारून द्या. पट्टीचे कोपरे हातकरवतीनं पंचेचाळीस डिग्रीचे कापले तर तीन कोपरे बरोबर बसतात आन चौथ्यात नख जाईल एवढी फट राहते. चार कोपऱ्यांना आठ काप लागतात, प्रत्येक काप एकाच बाजूला अर्धा डिग्री चुकला तरी शेवटच्या कोपऱ्यावर ४ डिग्रीची चूक येऊन बसते, मग लांबी बरोबर असली तरी काय उपयोग. हे आठ काप एकसारखे यावेत म्हणून माइटर सॉ, म्हणजे टेबलावर टेकवलेल्या लाकडावर फिरतं पातं वरून खाली आणून ठरलेल्या कोनात कापणारी मशीन. खिडकीची बिडिंग, फोटोची फ्रेम, देवघर, जाळीच्या दाराची चौकट, ह्या सगळ्या कामात ती लागते.

आधी एक गैरसमज काढून टाकू. फॅब्रिकेशनच्या दुकानात लोखंड कापायची १४ इंची कटर मशीन असते, दिसायला जवळपास अशीच. ती दगडाच्या चाकानं घासून कापते, तिच्यावर लाकडाचं दातेरी ब्लेड चढवायचं नाही. आन ४ इंची मार्बल कटरला दाताचं पातं लावून लाकूड कापणारे तर गावोगावी दिसतात, तो कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे मारतो, लाकडात पातं अडकलं की हातातून झटका देऊन मागे येतो. ह्यात बोटं गेलेली माणसं प्रत्येक तालुक्यात सापडतील, म्हणून कळकळीनं सांगतो, तो जुगाड सोडा.

कोणती घ्यायची

साध्या मशीनचं टेबल डावी-उजवीकडे फिरते, बस. कंपाउंडमधे टेबलही फिरते आन डोकंही, म्हणजे मोटर आन पातं असलेला वरचा भाग, झुकते. स्लाइडिंगमधे डोकं दांडीवर पुढंमागं सरकते, त्यानं रुंद फळी कापता येते. १० इंची बिनस्लाइडिंग मशीनवर सरळ कापात साधारण ५ ते साडेपाच इंच रुंद फळी निघते, पंचेचाळीसला त्याहून कमी, चारेक इंचाच्या आत. १० इंची स्लाइडिंगवर बारा इंचाच्या आसपास जाते. माझं मत विचाराल तर घरच्या कामाला १० इंची कंपाउंड घ्या, आन स्लाइडिंगचे वाचलेले पैसे चांगल्या ब्लेडमधे, जाड वायरमधे आन मजबूत टेबलात घाला. पाट, चौकट, पट्ट्या, एवढ्याच कामाला रुंद काप लागतच नाही, आन दांडी सैल झालेली स्वस्त स्लाइडिंग मशीन कधीच सरळ कापत नाही.

दुकानात जाताना घरचा गुण्या (काटकोन तपासायचा) सोबत न्या. मशीन बंद ठेवून, प्लग काढून, डोकं खाली दाबा आन हँडल धरून आडवं हलवून पाहा, लटलट हललं तर ती घेऊ नका. टेबल शून्यावर, साडेबावीसवर, पंचेचाळीसवर खटकन बसते का ते पाहा. मागच्या फेन्सला, म्हणजे लाकूड टेकवायच्या उभ्या पट्टीला, सरळ पट्टी लावून उजेडाकडे धरा, मधून उजेड दिसला म्हणजे फेन्स वाकडी. आन मोटरमधला कार्बन ब्रश जवळच्या शहरात मिळतो का ते विचारून घ्या, कामाच्या ऐन दिवसात तोच झिजतो.

मशीनसोबत आलेलं ब्लेड बहुतेक वेळा कमी दाताचं असते. २४ दाताचं ब्लेड भराभर कापते पण सागवानाचे काठ फाडते, पट्टी-फ्रेमला ६० दाताचं तरी पाहिजेच. घेताना मधलं भोक पाहा, १० इंचीत २५.४ मिमी आन ३० मिमी दोन्ही येतात. पात्याची जाडी अडीच ते तीन मिमी असते, म्हणजे प्रत्येक कापात जवळजवळ एक सूत (इंचाचा आठवा भाग) लाकूड भुसा होते. सागवान असेल तर जीव जळतो. आपल्याच विदर्भातल्या आलापल्ली-बल्लारशाकडचं सागवान २०२३ मधे अयोध्येच्या राममंदिरासाठी गेलं, त्याच जातीचं लाकूड चुकीच्या कापात घालवणं परवडत नाही.

लाइट आन बैठक

ही मशीन १६०० ते १८०० वॅटची असते, २३० होल्टला सात-आठ अँपिअर ओढते. टीव्हीच्या ६ अँपिअरच्या प्लगात घालू नका, १६ अँपिअरचा पॉइंट करून घ्या, एक्स्टेंशन लागलंच तर २.५ स्क्वेअर मिमीची वायर आन पूर्ण उलगडून, गुंडाळी ठेवली तर तापते. खेड्यात संध्याकाळी होल्टेज पडते, मोटरचा आवाज बसल्यासारखा वाटला की काम थांबवा, जोर लावला तर मोटर जळते. काप अर्धा असताना लाइट गेली तर पहिलं काम स्विचवरचं बोट काढा, मग प्लग, मग डोकं वर घ्या.

सारवलेल्या जमिनीवर मशीन ठेवून उकिडवं बसून कापायचं नाही. जाड फळीवर चार बोल्टनं आवळा, फळी टेबलावर. लांब पट्टी असेल तर दोन्ही बाजूला मशीनच्या टेबलाएवढ्याच उंचीचे ठोकळे लावा, टोक खाली लोंबलं की काप मिटतो आन पातं आवळते.

पहिला काप आधी तपासायचा

साडेचार-पाच इंच रुंद, दोन्ही काठ सरळ रंधलेली फळी घ्या, मधे शून्यावर कापा. आता एक तुकडा उलटा करा, वरची बाजू खाली, आन दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापाकडून जुळवा. काप गुण्यात असेल तर फट दिसणार नाही. दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट आहे, म्हणून डोळ्याला लगेच कळते. फेन्सचे बोल्ट सैल करून थोडं थोडं सरकवा, परत कापा, परत उलटवा. मला पहिल्या दिवशी ह्यातच दुपार गेली, पण त्यानंतर चौथा कोपरा कधी उघडा राहिला नाही.

आता काप

लाकूड फेन्सला आन टेबलाला दोन्हीकडं पक्कं टेकलं पाहिजे. फळी वाकलेली असेल तर फुगलेली बाजू फेन्सकडं. पेन्सिलीची रेघ मारा आन पातं रेघेच्या टाकाऊ बाजूला येऊ द्या, रेघेवर नाही. हात पात्यापासून सहा इंच दूर, जमलं तर क्लॅम्पच लावा. स्विच दाबा, पूर्ण वेग येऊ द्या, मग हळू खाली, दाबू नका, पात्याला खाऊ द्या. स्लाइडिंग असेल तर डोकं आधी स्वतःकडं ओढून, खाली करून, मग मागे ढकलत कापायचं, ओढत कापलं तर पातं लाकडावर चढून अंगावर येते.

काप संपला की स्विच सोडा, आन डोकं खालीच ठेवा, पातं पूर्ण थांबेपर्यंत. मी सुरुवातीला लगेच उचलायचो. एकदा सुटलेला दीड इंचाचा सागाचा तुकडा पात्याच्या दातात आला आन टिनाच्या भिंतीवर असा आपटला की शेजारचे वाढई (सुतार) काका धावत आले. म्हणाले, "उचलाची घाई काऊन करतं बाप्पा, पातं थांबू दे ना पयले." तेव्हापासून मी मनात पाच मोजतो.

बैलाच्या पायासारखे छोटे तुकडे पाहिजेत तर छोटा तुकडा हातात धरून कापू नका, लांब पट्टी धरा आन तिच्या टोकाचे तुकडे पाडत जा, पट्टी हात सुरक्षित राहील एवढी आखूड झाली की ती बाजूला ठेवा. फळी लांबीनं चिरायची नाही ह्या मशीनवर, कधीच नाही. गोल फांदी फिरते, जुन्या चौकटीत खिळे असतात, ओली बाभूळ पातं धरते, तिन्ही टाळा.

हातमोजे घालू नका, खांद्यावरचा दुपट्टा काढून ठेवा, चष्मा आन मास्क लावा. लाकडाच्या भुश्याला आयएआरसी ह्या जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९५ मधे कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, रुमालानं तो बारीक भुसा अडत नाही.

ब्लेड बदलताना प्लग काढा, बहुतेक मशीनात बोल्ट उलट्या आट्याचा असतो, नेहमीच्या उलट फिरवून सुटतो, आन पात्यावरचा बाण गार्डवरच्या (पात्याच्या झाकणावरच्या) बाणाशी जुळला पाहिजे. दातावर चिकट थर साचला की काप करपतो, कोमट पाण्यात कपड्याची पावडर टाकून जुन्या टूथब्रशनं घासा, लगेच पुसा. काम संपलं की डोकं खाली दाबून पिन लावा आन वायर गुंडाळून प्लग वर उंच खुंटीला टांगा, पोळ्याच्या दिवसात अंगणात पोरं बैल घेऊन फिरत असतात.