निऱ्या, पिन आणि एक फोटो

दोन मुलींच्या प्रेमाचा, हसवणारा सिनेमा पदरच्या पैशांनी करायचा म्हटलं की सगळ्या जणी तेच विचारतात. कॅमेरा कुठला घेतला, महोत्सवात कसं पाठवायचं, सेन्सॉरचं काय. ती माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. मी ज्यात पडले ते मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून आधी तेच लिहिते.

आमचा ट्रेलर यूट्यूबवर गेला त्या संध्याकाळी दोन नायिकांपैकी धाकटीचा फोन आला. सांगलीच्या मावशीने तिच्या आईला व्हॉट्सॲपवर एक फोटो पाठवला होता. ट्रेलर उघडण्याआधी जे चित्र दिसतं ना, ते. त्यावर चुंबन होतं. व्हिडिओ त्या घरात कुणी पाहिलाही नव्हता, पण फोटो तोवर तीन ग्रुपवर फिरला होता. ती रडत नव्हती. एवढंच म्हणाली, "ताई, मी सीनला हो म्हटलं होतं. फोटोला नाही."

कागदावर माझं काहीच चुकलेलं नव्हतं. करारात ओळ होती: सर्व माध्यमांत, कायमस्वरूपी, प्रसिद्धीसह. तिची सही होती. सगळे करार तसेच असतात, आणि मी तो कुणाकडून तरी घेऊन नावं बदलली होती. म्हणून पुन्हा सांगते, आणि जरा लांबण लावते, कारण इथेच सगळ्या जणी घाईत पुढे जातात. सिनेमातलं चुंबन ऐंशी मिनिटांच्या गोष्टीत येतं. त्याच्या आधी भांडण असतं, पाऊस असतो, लोक हसलेले असतात. तीच एक चौकट कापून बाहेर काढली की गोष्ट गळून पडते आणि उरते ती एक मुलगी, तिचा चेहरा आणि तिचं गाव. आणि ती चौकट जाते किती ठिकाणी! महोत्सवाच्या पुस्तिकेत, पोस्टरवर, वर्गणी देणाऱ्यांना पाठवलेल्या पत्रात, कॅमेरामनने स्वतःच्या कामाची म्हणून केलेल्या रीलमध्ये, मेकअपवालीच्या इन्स्टाग्रामवर. कंटिन्युइटीसाठी, म्हणजे पुढच्या शॉटमध्ये कपडे-केस तसेच दिसावेत म्हणून, सहायकाने काढलेले फोटो तर त्याच्या फोनमध्येच राहतात. मी या सगळ्यांना गाठून विनवण्या केल्या. लोक चांगले होते, दोन दिवसांत सगळीकडून काढलं. पुस्तिका मात्र छापून झाली होती.

थिएटरात दाखवायच्या ट्रेलरलाही सेन्सॉरचं वेगळं प्रमाणपत्र लागतं. यूट्यूबवर टाकताना असं मध्ये थांबवणारं कुणी नसतं, तिथे आपणच थांबायचं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 चा निकाल 6 सप्टेंबर 2018 ला लागला, ते संबंध गुन्हा राहिले नाहीत, आता कसली भीती, असं मीही म्हणायचे. कोर्टाचा निकाल आपोआप सांगलीच्या स्वयंपाकघरात पोहोचत नाही. तुमची नटी स्वतः कोण आहे, घरी काय सांगितलंय, हे तिला विचारूही नका. कुठली चौकट बाहेर गेली तर चालेल, एवढंच विचारा. शूटिंगआधी विचारा, एडिट झाल्यावर पुन्हा विचारा, आणि दुसऱ्या वेळी तिचं उत्तर बदललं तर दुसरं उत्तर धरा.

एवढं वाचून सिनेमाच नको असं वाटत असेल तर कृपा करून तसं करू नका. हा सिनेमा आपल्याला हवा आहे. आपल्याकडे 1981 साली विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक रंगभूमीवर आलं, ही मोठी गोष्ट होती, पण त्यातली मुलीवर प्रेम करणारी मित्रा शेवटी जीव देते. पुढची कित्येक वर्षं दोन बायकांचं प्रेम म्हणजे रडणंच, असं जणू ठरून गेलं. मला पटकथेवर सल्ला देणाऱ्या एका ज्येष्ठांनी सरळ सांगितलं, एकीला आजार दे, पुरस्कार मिळेल. माझं स्पष्ट मत आहे: विनोदी पटकथा वाचताना जो एकदाही हसला नाही, त्याचा सल्ला घेऊ नका, मग त्याच्याकडे कितीही ट्रॉफ्या असोत. मला खरी मदत मालिकांच्या एका एडिटरने केली. तिने तीन पानं संवाद कापले आणि म्हणाली, हसू आलं की लगेच कट कर, वाट बघू नकोस.

शेवटाचं मात्र तुम्हालाच सोडवावं लागेल. प्रेमाची विनोदी गोष्ट मंगलाष्टकांवर संपते अशी आपली सवय, आणि 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. आम्ही शेवट भाड्याच्या घराच्या किल्लीवर केला.

महोत्सवांची धास्ती नको. तिथे दाखवायला प्रमाणपत्राऐवजी माहिती आणि प्रसारण मंत्रालयाची सूट चालते. मुंबईत 2010 पासून कशिश हा समलिंगी आणि ट्रान्स लोकांच्या सिनेमांचा महोत्सव भरतो. तिथे आधी नुसते प्रेक्षक म्हणून बसा, लोक कुठे हसतात ते कान देऊन ऐका.

आणि चुंबनावाचून प्रेम दिसणार नाही, हा गैरसमज काढून टाका. 'गो फिश' नावाचा अमेरिकन सिनेमा 1994 साली अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. कृष्णधवल, शिकागोत, अगदी थोड्या पैशांत केलेला. त्यात दोघी बाहेर जायला निघालेल्या असतात, एक जण दुसरीची नखं कापायला घेते, आणि मग त्या घराबाहेर पडतच नाहीत. मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला आहे.

आमच्याकडेही तसा एक प्रसंग होता आणि तो माझ्या लक्षातच आला नव्हता. थोरली धाकटीला साडी नेसवते. गुडघ्यांवर बसून निऱ्या एकेक बोटावर घेते, पिन दातांत धरलेली, त्यामुळे बोलता येत नाही, आणि धाकटी वरून बडबडत असते. निऱ्या खोचायची वेळ येते तशी तिची बडबड थांबते. त्यातली चौकट धाकटीनेच शोधली. "ही लाव ताई, ही मी आईला दाखवू शकते." तेच आमचं पोस्टर झालं.

आता माझ्याकडे एक फोल्डर आहे. बारा चौकटी, प्रत्येकीखाली दोघींच्या सह्या, तारीख घालून. तीन चौकटींवर धाकटीने फुली मारली आहे. त्यांतली एक मला सगळ्यांत आवडते. ती कुठेही लावलेली नाही.