आय-लीगच्या मोसमाची तयारी: आधी वही, मग बॅगा

आय-लीग म्हणजे आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) खालची, देशातली दुसऱ्या पायरीची फुटबॉल लीग; 2026 पासून तिचं नाव इंडियन फुटबॉल लीग. तिच्या मोसमाला संघ घेऊन निघायचं तर सगळ्यात आधी एक वही घ्या. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक खेळाडूला एक पान द्या. सामना संपला की घामाचे शर्ट गोळा करण्याआधी पिवळी कार्डं त्या पानावर चढवा: तारीख, मिनिट, कुणाविरुद्ध. किती कार्डांवर एक सामना बाहेर बसावं लागतं, ते यंदाच्या नियमावलीत बघून पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. फोनमध्ये नोंद ठेवली तरी वही हवीच, कारण सामन्याच्या आदल्या दिवशी बैठकीत ती पाच जणांना एकदम बघता येते.

एवढा आग्रह का, तर 2024-25 चा मोसम आठवा. 6 एप्रिलला, शेवटच्या सामन्यात, गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सने श्रीनगरात रियल काश्मीरशी 1-1 अशी बरोबरी साधली. 22 सामन्यांत चर्चिलचे 40 गुण, वाराणसीच्या इंटर काशीचे 39. गोव्यात आम्हाला वाटलं, करंडक घरी आला. पण जानेवारीत पंजाबच्या नामधारी संघाने काशीविरुद्ध कार्डांमुळे निलंबित असलेला खेळाडू उतरवला होता, म्हणून त्या सामन्याचे गुण काशीने मागितले. ते प्रकरण आधी भारतीय फुटबॉल महासंघाच्या समित्यांपुढे आणि मग थेट स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापुढे गेलं. जूनमध्ये तिथला निकाल काशीच्या बाजूने लागला, जुलैत दुसऱ्या एका वादाचाही तसाच लागला आणि विजेतेपद तिकडे गेलं. आयएसएलमध्ये जाण्याची एकच जागा विजेत्याला मिळणार होती, तीही त्याच्यासोबत गेली. चूक तिसऱ्याच संघाची होती. चर्चिलच्या पोरांनी मैदानात घाम गाळला होता, म्हणून मला ते अजून लागतं. आपल्या वहीत तरी अशी चूक राहू देऊ नका.

मग प्रवास. यातलं ऐजॉल मी सगळ्यात आधी हाती घेतो. मिझोरामला बाहेरच्या भारतीयांनाही इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरण्याचा परवाना, लागतं. लेंगपुई विमानतळावर ते मिळतं, पण तीस जणांचा चमू तिथे रांगेत उभा करण्यापेक्षा अर्ज आधीच भरलेले बरे. प्रत्येकाचे चार फोटो आणि ओळखपत्राच्या प्रती एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये ठेवा. परदेशी खेळाडूंचं वेगळं बघा, डिसेंबर 2024 पासून त्यांच्यासाठी संरक्षित क्षेत्राचा परवाना पुन्हा लागू झालाय. विमानतळापासून शहर तीसेक किलोमीटरच आहे, पण सगळा रस्ता घाटाचा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या सीटवर बसवा, लिंबू आणि आवळासुपारी हाताशी ठेवा. डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास अंधारतं, त्यामुळे सरावाची वेळ गोव्याच्या सवयीने मागू नका.

श्रीनगरहून परतताना विमानतळाच्या बाहेरच गाडीतून सगळं सामान उतरवून तपासतात. चेंडूंच्या जाळ्या, बर्फाची पेटी, फिजिओचं टेबल, सगळं. हॉटेलातून निघतानाच दीड तास जास्तीचा धरा. जाताना थंडीत धुक्याने विमान रद्द होतं, म्हणून सामन्याच्या दोन दिवस आधीचंच तिकीट काढा. पैसे जातात, पण खेळाडू झोप पूर्ण करून मैदानात उतरतो.

बूट दोन जोड, यात तडजोड नाही. ऐजॉल आणि श्रीनगरला कृत्रिम गवत, तिथे आखूड रबरी स्टडचे बूट घालायचे. लांब स्टड अडकतो, पाय तिथेच राहतो आणि गुडघा फिरतो. कोळिकोडला खरं गवत, तिथे लांब स्टड चालतात. प्रत्येक खेळाडूचा बूट हातात उलटा घेऊन स्टड अंगठ्याने दाबून बघा. एक जरी हलला तरी पान्याने आवळा, झिजला असेल तर बदला.

शर्टांचे दोन पूर्ण संच, गोलरक्षकाचे त्यांहून वेगळ्या रंगाचे, आणि रक्त लागलं तर बदलायला नंबर नसलेले दोन. सगळे एकाच बॅगेत भरू नका. एकदा आमची एक बॅग कोलकात्याला मागे राहिली. त्यात गोलरक्षकाचे दोन्ही शर्ट होते, आणि सामन्याच्या सकाळी मी बाजारात साधा नारिंगी शर्ट शोधत फिरत होतो. नंबर पांढऱ्या चिकटपट्टीने चिकटवला. तेव्हापासून गोलरक्षकाचा एक शर्ट माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये असतो, वहीच्या खाली.

जेवणाचं हॉटेलला आठवडाभर आधी कळवा: पांढरा भात, पातळ आमटी, उकडलेली अंडी, तिखट कमी. मासळी मागू नका, ती घरी आल्यावर.

निघण्याच्या रात्री वही उघडून आणखी एका कार्डाने ज्यांना बाहेर बसावं लागेल त्यांची नावं कोचना मोठ्याने वाचून दाखवा आणि कोचची सही घ्या.