मेफेड्रोनच्या नमुन्यासाठी कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसची पद्धत कशी सुधारावी

नाशिकलगत २०२३ साली मेफेड्रोन हा अमली पदार्थ, म्हणजे बोलीतले ‘एमडी’, बनवणारा कारखाना उघडकीस आल्यापासून या पदार्थाच्या तपासणीबद्दल विद्यार्थी मला वारंवार विचारतात. ती कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसने, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत (कॅपिलरीत) व्होल्टेज लावून प्रभारित रेणू वेगळे करून, करता येते. नवशिक्याचा हात सर्वांत आधी व्होल्टेजकडे जातो; माझ्या मते तो आधी बफरकडे, म्हणजे नळीतल्या पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाकडे, आणि कॅपिलरीच्या भिंतीकडे जायला हवा.

सुरुवातीला ५० मायक्रॉन आतील व्यासाची सिलिका कॅपिलरी, ५० मिलिमोलर फॉस्फेट बफर आणि पीएच २.५ घ्यावा. या पीएचला भिंतीवरील सिलॅनॉल गट जवळजवळ निष्प्रभार राहतात, तर मेफेड्रोनचा अमाइन गट धनप्रभारित असतो; त्यामुळे रेणू भिंतीला कमी चिकटतात आणि आलेखावरील शिखराची लांबलेली शेपटी आखडते. नवी कॅपिलरी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, पाणी आणि बफर या क्रमाने धुवावी; मात्र दोन धावांच्या मध्ये अल्कली फिरवू नये, कारण अल्कलीनंतर भिंत पूर्ववत होण्यास बराच वेळ लागतो आणि तेवढ्या काळात मायग्रेशनचा वेळ, म्हणजे रेणूला डिटेक्टरपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ, सरकत राहतो. व्होल्टेज ५ किलोव्होल्टच्या पायऱ्यांनी वाढवत प्रत्येक वेळी विद्युतप्रवाह टिपावा आणि व्होल्टेज-प्रवाह आलेखाची रेषा जिथे वर वळू लागते, त्याच्या खालीच काम करावे. तिथून पुढे कॅपिलरी तापू लागलेली असते.

नमुना पाण्यात किंवा दहापट पातळ केलेल्या बफरमध्ये विरघळवल्यास रेणूंची पट्टी आपोआप आकसते आणि संवेदनक्षमता वाढते. अल्कलीयुक्त द्रावण टाळावे, कारण त्यात मेफेड्रोनचे विघटन होते.

खरी कसोटी समघटकांची, म्हणजे तेच अणू पण वेगळी रचना असलेल्या रेणूंची. मेथिल गट २, ३ किंवा ४ क्रमांकावर असला तरी रेणूचे वस्तुमान तेच राहते. त्यांना वेगळे करण्यासाठी बफरमध्ये बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे शर्करेच्या घटकांचा वलयाकार रेणू, घालून पाहावे. साधे बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन पाण्यात सुमारे १६ मिलिमोलरपर्यंतच विरघळत असल्याने त्याहून अधिक लागल्यास हायड्रॉक्सिप्रोपिल रूप घ्यावे. मेफेड्रोन कायरल आहे, म्हणजे त्याची एकमेकांची आरशातील प्रतिमा असलेली दोन रूपे असतात; त्यामुळे एकाच पदार्थाची दोन शिखरे दिसू शकतात. त्यांना दोन पदार्थ समजण्यापूर्वी शुद्ध प्रमाणित नमुना एकट्याने धावता करावा.

नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये आणखी एक अडचण येते. एकदा मायग्रेशनचा वेळ रोज थोडा थोडा सरकत होता आणि आम्ही तीन दिवस कॅपिलरीला दोष देत बसलो. अखेर बफरच्या कुपीच्या काठावर पांढरी खपली दिसली. यंत्र कॅपिलरी २५ अंशांवर राखत होते, पण कुप्यांचा ट्रे खोलीच्या तापमानालाच होता आणि बफर आटत होता. तेव्हापासून दर पाच-सहा धावांनंतर आम्ही कुप्या बदलतो. विद्युतविघटनाने पीएच सरकतो, त्यालाही हाच उपाय.

परिमाण ठरवताना अंतर्गत मानक, म्हणजे ठरावीक प्रमाणातला ज्ञात पदार्थ, नमुन्यात घालावे आणि शिखराच्या क्षेत्रफळाला मायग्रेशनच्या वेळेने भागावे, कारण सावकाश जाणारा आयन डिटेक्टरसमोर अधिक वेळ रेंगाळतो. रेणूचे वस्तुमान मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर जोडायचा असेल, तर फॉस्फेट सोडून अमोनियम फॉर्मेटसारखा उडून जाणारा बफर घ्यावा लागेल आणि वरील बहुतेक आकडे त्या बफरसाठी नव्याने ठरवावे लागतील.