पृथ्वी सपाट मानणाऱ्याशी वाद कसा घालावा: दोन काठ्यांवर थांबू नका

अंतराळातले फोटो आधी बाजूला ठेवा. समोरच्याचा अवकाशसंस्थांवरच विश्वास नसेल, तर फोटो खरा की खोटा यातच सगळा वेळ जातो. त्याला सरळ विचारा: कोणतं मोजमाप समोर आलं तर तुमचं मत बदलेल? उत्तर लिहून घ्या. ‘कोणतंच नाही’ असं म्हणाला तर वाद तिथेच थांबवा.

एका वेळी एकच मुद्दा घ्या. आकाराचं ठरेपर्यंत ताऱ्यांकडे वळू नका.

आता काठ्या, म्हणजे जमिनीत उभ्या रोवून सावली मोजायच्या. जो तो सल्ला देतो, प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसची गोष्ट सांगा: इजिप्तमधल्या सायीनमध्ये सूर्य डोक्यावर, त्याच वेळी उत्तरेकडच्या अलेक्झांड्रियात सावलीवरून तो ७.२ अंश कललेला, म्हणजे दोन गावांमधलं अंतर पृथ्वीच्या परिघाचा पन्नासावा भाग, झालं सिद्ध. हा सल्ला अर्धवट आहे. एराटोस्थेनीसने पृथ्वी गोल आणि सूर्य फार दूर हे गृहीत धरून फक्त तिचं माप काढलं होतं. जमीन सपाट आणि सूर्य सुमारे ६,३०० किलोमीटर उंचीवर मानला, तरी दोन्ही ठिकाणी नेमक्या तशाच सावल्या पडतात. तयारीचा विरोधक इथेच बोट ठेवतो, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. ते लगेच मान्य करा. या जागी मी बरीच वर्षं अडखळत होतो. तिसरी काठी आणल्यावरच वाट सापडली.

विषुवदिनी, म्हणजे दिवस-रात्र समान असतात तेव्हा, सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी साधारण एकाच रेखांशावरच्या तीन ठिकाणी, ३०, ४५ आणि ६० अक्षांशांवर, सावली सर्वात आखूड होते तेव्हा मोजा. सूर्य डोक्यापासून अनुक्रमे ३०, ४५ आणि ६० अंश कललेला दिसेल. एका अक्षांशामागे सुमारे १११ किलोमीटर हे उत्तर-दक्षिण अंतर सपाटवाल्यांच्या नेहमीच्या नकाशालाही मान्य असतं. मग सूर्याची उंची त्यालाच काढू द्या. पहिल्या काठीवरून ती सुमारे ५,८०० किलोमीटर येते, दुसरीवरून ५,०००, तिसरीवरून ३,८५०. एकाच सूर्याच्या तीन उंच्या! गोल पृथ्वी आणि दूरचा सूर्य मानला की तिन्ही कोन एकाच हिशेबात बसतात.

‘हवेत प्रकाश वाकतो’ असं उत्तर येईल. वाकतो, पण किती ते विचारा. पहिल्या काठीवरून आलेली सूर्याची उंची खरी धरली, तर तिसऱ्या ठिकाणी ४९ अंश दिसायला हवेत. फरक ११ अंशांचा. डोक्यापासून ६० अंशांवर हवा प्रकाशाला एका अंशाच्या तिसाव्या भागाएवढंही वाकवत नाही. आकडेमोड कधीही तुम्ही करू नका; पेन्सिल त्याच्याच हातात असू द्या.

क्षितिजाआड जाणारं जहाज मी वापरतच नाही. पाण्यालगतच्या हवेत प्रकाश खरोखरच बराच वाकतो. इंग्लंडमधल्या बेडफर्डच्या कालव्यावर याच कारणाने पाणी सपाट भासलं होतं. १८७० मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी दृष्टिरेषा पाण्यापासून सुमारे ४ मीटर वर घेऊन तिथेच वक्रता दाखवली. पण त्यांनी ५०० पौंडांची पैज स्वीकारली होती, आणि हरलेल्या सपाटवाल्या जॉन हॅम्पडेनने पुढे अनेक वर्षं त्यांचा छळ केला. पैज लावू नका.

आकाराचं ठरलं, की मग आकाशातल्या अंतरांकडे वळा, आणि सुरुवात चंद्रापासून करा. हजार किलोमीटर अंतरावरच्या दोघांनी एकाच क्षणी, चंद्र आकाशात उंच असताना, शेजारच्या ताऱ्यांसह त्याचा फोटो काढायचा. ताऱ्यांच्या तुलनेत चंद्र स्वतःच्या व्यासाच्या पाव ते तृतीयांश सरकलेला दिसतो. त्या सरकण्यावरून चंद्राचं अंतर सुमारे ३,८४,००० किलोमीटर निघतं. हे हाताने काढून झालं, की मगच जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलचं नाव घ्या: १८३८ मध्ये त्याने हीच रीत ‘६१ सिग्नी’ या ताऱ्याला लावली, फक्त दोन निरीक्षकांच्या जागी पृथ्वीच्या कक्षेची दोन टोकं घेतली.